बिनटपाची वरात

चांगल्या चालत्या गाडीचा टप कापून टाकावा, असं डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला सहसा वाटत नाही. श्रीकृष्णरावांचं डोकं तर छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत अगदी ठिकाणावर होतं. लोकांच्या अर्जातल्या त्रुटी काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या यवतमाळात नव्हता. पण त्यांच्या संसारात एक वाक्य होतं आणि ते तीस वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसलेलं होतं. "माझी वरात कोणी पाहिलीच नाही."

सुनीतीबाईंना हे वाक्य कुठंही चालायचं. श्रीकृष्णराव म्हणाले, वरणात मीठ जास्त झालंय, की उत्तर तयार. "हो, आणि माझी वरात कोणी पाहिलीच नाही." पंखा कोणी सुरू ठेवला, सिलिंडर कोणी नोंदवला नाही, लेकीला शिकायला पुण्याला कोणी पाठवलं, वाद कुठलाही असो, तिसऱ्या मिनिटाला वरात यायचीच. ती आली की श्रीकृष्णराव पेपरात तोंड खुपसायचे, कारण वाक्य खरं होतं हो! लग्न आर्णीला, भर मे महिन्यात. ठरली होती उघडी जीप. ज्या बाजारात सुनीतीबाई लहानाच्या मोठ्या झाल्या, त्याच बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वरात जायची होती. ऐन वेळी जीप बिघडली आणि श्रीकृष्णरावांच्या मामांनी गावातल्या डॉक्टरांची गाडी आणली. काळ्या काचांची. मामांना उकाडा सहन होईना, त्यांनी गाडी अशी दामटली की बँड मागंच राहिला. सुनीतीबाईंची जिवाभावाची मैत्रीण कोकिळा ओंजळभर फुलं घेऊन बाजारात उभी होती. गाडी तिच्या नाकासमोरून गेली, पण तिनं एक फूल टाकलं नाही. नंतर म्हणाली, "मले वाटलं, डाक्टर दवाखान्यात चालला!"

यंदा मार्चमध्ये श्रीकृष्णराव निवृत्त झाले. एप्रिलमध्ये त्यांना करायला काही नव्हतं, आणि निवृत्त माणसाला करायला काही नसणं घरादाराला फार धोक्याचं. अठरा मे रोजी लग्नाला तीस वर्षं होणार होती. मोबाइलवर त्यांनी एक बिनटपाची गाडी पाहिली. समुद्राच्या काठानं मजेत चाललेली, आत बसलेल्या बाईचे केस वाऱ्यावर उडताहेत. त्यांनी मान वर करून अंगणात पाहिलं. अंगणात त्यांची सोळा वर्षांची पांढरी गाडी उभी होती. टप तेवढा जास्त होता.

आर्णी रोडवर हरिसिंगचं गॅरेज आहे. हरिसिंग मूळचा ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला, पण कटर आणि वेल्डिंग हातात असलं की त्याला कशाचंच भय वाटत नाही.

"टप काढाचा? पुरा?" त्यानं विचारलं.

"पुरा."

हरिसिंगनं गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर दोन थापा मारल्या. "निघन साहेब. कटर लावला का निघते. फक्त गाडी थोडीशी लवन."

इथंच सगळा घात झाला. श्रीकृष्णराव पडले शब्दांचे माणूस. लवणं म्हणजे नम्र होणं, एवढंच त्यांना ठाऊक. साहेबांपुढं ते स्वतः जन्मभर लवत आले होते आणि त्यात त्यांचं काही वाईट झालं नव्हतं. "लवू दे की," ते उदार मनानं म्हणाले. "लवलेलं चांगलंच दिसतं."

हरिसिंगला म्हणायचं होतं ते निराळं, गाडी मधोमध वाकेल. गाडीचा टप काही नुसता ऊन अडवायला नसतो. खोक्याचं झाकण ठोकलेलं असेस्तोवर खोकं घट्ट असतं, झाकण काढलं की तेच खोकं हातात वेडंवाकडं होतं. हे ज्ञान त्यानं एका शब्दात सांगितलं होतं, आणि समोरच्यानं होकार दिल्यावर त्यानं कटर सुरू केला.

घरी श्रीकृष्णरावांनी 'गाडी रंगाला दिलीय' असं सांगून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी, पारा चव्वेचाळीसवर असताना, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून ते गाडी घेऊन दारात आले. सुनीतीबाई एरवी अगदी यवतमाळच्या शिष्ट, पण धक्का बसला की क्षणात आर्णीच्या होतात.

"अवं माय! टप कुठी गेला?"

"काढला."

"काढला? आंब्याचं साल हाय का थे, काढला म्हनाले?"

"सुनीती," श्रीकृष्णराव घसा खाकरून म्हणाले, "अठरा तारखेला तुझी वरात आहे. आर्णीच्या बाजारातून. उघड्या गाडीतून."

सुनीतीबाई तशाच वळल्या आणि घरात गेल्या. श्रीकृष्णराव डोक्याचा टॉवेल सोडून उगाच पुढची काच पुसायला लागले. मग त्या पन्ह्याचे दोन पेले घेऊन बाहेर आल्या, एक नवऱ्याच्या हातात दिला आणि गाडीकडं पाहत म्हणाल्या, "शालूचं ब्लाउज काही आता व्हायचं नाही मला. शिवावं लागेल." संध्याकाळी त्यांनी कोकिळेला फोन केला. "अठराले बाजारात उभी राह्य. फुलं घेऊन. अन् यावेळी काच नाई, समजलं?"

म्हणजे आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती. पुन्हा जर काही फिसकटलं असतं, तर त्या एका वाक्याची दोन वाक्यं झाली असती, आणि दोन वाक्यं झेलण्याइतकं आयुष्य आपल्याकडं उरलेलं नाही, हे श्रीकृष्णरावांना स्वच्छ दिसत होतं.

गल्लीनं मात्र मनापासून रस घेतला. समोरच्या कौसल्याकाकूंनी पहिल्याच दिवशी कापलेला टप हरिसिंगकडून मागवून घेतला आणि गच्चीवर पालथा टाकून त्यावर कुरड्या वाळत घातल्या. "इतकं सपाट अन् इतकं तापनारं काहीच भेटत नाही बाई," असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. शेजारचे बापूजी, वय वर्षं पंच्याहत्तर, मारेगावकडं कापसाची शेती, ते अंगणात येऊन गाडीला हात लावून गेले. "उन्हाळ्यात लोकं सावली करते, तुमी सावली काढून राह्यले. पन चाला, मले बसवा एक डाव."

पहिला फेरफटका श्रीकृष्णराव आणि बापूजींनी भल्या सकाळी बायपासवर मारला. वीसच्या वेगाला आरसा थरथरू लागला. मागं एक म्हैस होती, तिच्या चार दिसायला लागल्या. तीसच्या वेगाला पुढच्या काचेची चौकट मान डोलवू लागली. चाळीसला स्टिअरिंगला हिव भरलं, सामानाचा कप्पा आपोआप उघडला आणि आतली हनुमान चालिसा बापूजींच्या मांडीवर येऊन पडली.

"थांऽऽबाऽऽ!" बापूजी ओरडले.

"काऽऽय झाऽऽलं?"

"कऽऽवऽऽळीऽऽ!"

गाडी थांबली. कवळी सीटखाली सापडली. ती पुसून जागेवर बसवल्यावर बापूजींनी निदान केलं. "गाडी मधातून हालून राह्यली, श्रीकृष्णराव. पुढची चाकं आर्णीले निघाली, अन् मागची म्हनते, आमी यवतमाळातच बरे!" मग ते उतरायला गेले तर दार उघडेना. श्रीकृष्णरावांच्या बाजूचंही उघडेना. खांद्यानं रेटलं, गुडघ्यानं रेटलं, देवाचं नाव घेऊन रेटलं. शेवटी पंच्याहत्तर वर्षांचे बापूजी धोतर सावरत दारावरून बाहेर चढले, पाठोपाठ श्रीकृष्णराव चढले, आणि दोघंही खाली उतरताक्षणी दोन्ही दारं खट्कन आपणहून उघडली. सकाळी फिरायला आलेल्या बायका थांबून हे सगळं पाहत होत्या. त्यातल्या एकीनं चक्क टाळ्या वाजवल्या.

गोष्ट अशी होती की माणूस बसला की गाडी मधोमध लवायची, दाराची चौकट आवळायची आणि दार अडकायचं. माणूस उतरला की गाडी सरळ व्हायची आणि दार मोकळं व्हायचं. म्हणजे उतरायचं तर दार उघडायला हवं, आणि दार उघडायचं तर आधी उतरायला हवं. अशी परिपत्रकं श्रीकृष्णरावांनी नोकरीत खूप पाहिली होती. पण त्यांच्या आत स्वतः बसायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"मी म्हनलतं ना साहेब, लवन म्हनून," गाडी परत गॅरेजात नेल्यावर हरिसिंग शांतपणे म्हणाला. "तुमी म्हनले, लवू दे."

तोड काढली ती बापूजींनी. त्यांच्या गोठ्यात मोडक्या बैलबंडीच्या सागवानी दांड्या पडून होत्या, आजोबांच्या काळातल्या, पोलादासारख्या. "बंडीले कुठं टप असते? पन थे लवते का? दांडी हाय म्हनून लवत नाई!" हरिसिंगनं एक दांडी डाव्या अंगानं आणि एक उजव्या अंगानं गाडीच्या पोटाखाली बसवली आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळली. काय सांगावं! दारं उघडायला लागली, लागायलाही लागली. थरथर पुरती गेली नाही, पुढची काच अजून नुसत्या इंजिनावरही कापायची, पण कवळी जागेवर राहत होती. श्रीकृष्णरावांनी हरिसिंगला मिठीच मारली.

आता राहिला कायदा. वाहनांच्या कचेरीतल्या बाईंनी खिडकीतूनच सांगितलं, "टप कापलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, काका." श्रीकृष्णराव हिरमुसले, पण त्रुटी इतक्या झटपट निघाल्याबद्दल त्यांना त्या बाईंचं कौतुकही वाटलं. मग आर्णीला ठाण्यात जाऊन त्यांनी वरातीच्या परवानगीचा अर्ज मागितला. जमादार भला माणूस. गाडीची हकीकत ऐकून तो म्हणाला, "बाजारातून एक डाव, मानसाच्या चालीनं, एवढं चालन. पन यवतमाळवरून चालवत आनाची नाई, ट्रॉलीत टाकून आना. अन् परवानगी काचेवर लावा." मग त्यानं भरलेला अर्ज वाचायला घेतला.

"नवरदेवाचं वय अठ्ठावन?"

"हो."

"नवरीचं त्रेपन?"

"हो."

"अन् लग्नाची तारीख... काका, हे तं तीस साल पह्यलची हाय!"

"लग्न झालंय," श्रीकृष्णराव म्हणाले. "वरात राहिलीय."

जमादारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग हा रकाना भरा ना. 'विलंबाचे कारण'. रिकामा सोडला तुमी."

हा रकाना रिकामा म्हणून त्यांनी जन्मभरात किती अर्ज परत पाठवले असतील, त्याला गणती नव्हती. त्यांनी पेन उघडलं. 'अपरिहार्य कारणास्तव' असं लिहायला घेतलं आणि 'अप' वरच थांबले. जीप बिघडली होती, खरं आहे. पण आपण गाडीतून उतरून मामांना 'थांबा' म्हणू शकलो असतो. काच खाली करू शकलो असतो. आपण काय केलं? मामांपुढं लवलो! त्यांनी 'अप' खोडलं आणि टपोऱ्या, गोल, कचेरीतल्या अक्षरात दोन शब्द लिहिले. जमादारानं ते वाचले, एकदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याच अर्जावर परवानगीचा शिक्का मारला.

अठरा तारीख उजाडली. सुनीतीबाई दोन दिवस आधीच आर्णीला भावाकडं गेल्या होत्या. हरिसिंगच्या ट्रॅक्टरमागं ट्रॉली, ट्रॉलीत झेंडूच्या माळा घातलेली गाडी आणि गाडीत स्टिअरिंग धरून, कोट घालून, डोक्यावर छत्री घेतलेले श्रीकृष्णराव, असा लवाजमा निघाला. स्टिअरिंग धरायची काही गरज नव्हती, पण नुसतं बसणं त्यांना बरं दिसेना. वाटेतली सगळी एसटी त्यांना पाहायला एका बाजूला झुकली.

अर्ध्या वाटेवर जंगलाचा नाका लागला. तिथल्या वनरक्षकानं गाडीकडं पाहिलंच नाही. तो वाकून थेट गाडीच्या खाली पाहायला लागला.

"सागवान कुठी नेऊन राह्यले?"

"गाडीत सागवान नाही हो," श्रीकृष्णराव छत्रीखालून म्हणाले.

"खाली हाय ना."

"ते गाडीत नाही. त्याच्यावर गाडी आहे."

"मंग थे वाहतूकच झाली. पास दाखवा."

पाऊण तास गेला. बापूजींना फोन लागेना, ऊन कलायला लागलं. शेवटी श्रीकृष्णरावांच्या अंगातला जुना कारकून जागा झाला. "असं करा," ते म्हणाले, "एक दांडी नमुना म्हणून ठेवून घ्या. मी उद्या कागद आणून देतो आणि घेऊन जातो." आपलाच माल आपणहून अडकवून ठेवा म्हणणारा माणूस वनरक्षकानं आयुष्यात पाहिला नव्हता. तो इतका खूश झाला की पट्ट्या सोडायला स्वतः ट्रॉलीत चढून गाडीखाली शिरला. सोयीची म्हणून त्यानं डाव्या बाजूची दांडी काढली. आणि वरातीत बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते, हे त्या क्षणी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आर्णीला पोचल्यावर गाडी खाली उतरवली. हरिसिंगनं परवानगीचा कागद काचेवर चिकटवला, घाईत उलटा, अक्षरं आतल्या बाजूला. भावाच्या घरातून सुनीतीबाई बाहेर आल्या. अंगावर तोच हिरवा शालू, नव्या ब्लाउजवर, नाकात नथ आणि डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, कारण काढला तर कोकिळा दिसली नसती. श्रीकृष्णराव पाहतच राहिले. "बसा आता," त्या लाजून म्हणाल्या. दोघं मागच्या सीटवर बसले, बँड सुरू झाला, पुढं स्टिअरिंगवर बसलेल्या हरिसिंगनं पहिला गिअर टाकला आणि तीस वर्षांनी वरात निघाली.

आणि निघाली म्हणजे कशी! कापडवाले मोजायचा गज हातात घेऊनच बाहेर आले, भजीवाल्यानं झारा हातात तसाच धरून नमस्कार केला, कुणी म्हातारी ओरडली, "अवं, हे तं आपली सुनीती!" सुनीतीबाई दोन्ही हातांनी नमस्कार करत होत्या. गाडी थरथरायची, तिच्याबरोबर नथ थरथरायची, आणि त्या नवऱ्याला सांगत होत्या, "तोऽऽ पाहा, माऽऽझा मास्तरऽऽ!" समोरच्या काचेवरचा कागद असा कापत होता की त्यावरचं एक अक्षर लागत नव्हतं. "काय लिहिलंय हो त्याच्यावर?" त्यांनी विचारलं. "काही नाही, परवानगी आहे," श्रीकृष्णराव म्हणाले आणि घाईनं दुसऱ्या बाजूला नमस्कार करायला लागले.

कोकिळा तिच्या बांगड्यांच्या दुकानासमोर उभी होती. पाटीभर फुलं आणि हातात औक्षणाचं ताट. वरात समोर आली तशी तिनं ती पाटीच्या पाटी दोघांच्या डोक्यावर उपडी केली. फुलांनी चष्मा झाकला, नथ अडकली, श्रीकृष्णरावांच्या तोंडात शेवंती गेली. "पाह्यली!" कोकिळा नाचतच ओरडली. "पाह्यली माय, तुही वरात पाह्यली! उतर आता, ओवाळू दे मले!"

सुनीतीबाईंनी दाराला हात घातला. दार उघडेना.

डाव्या बाजूला दांडी नव्हती, गाडी त्या अंगानं मनमुराद लवली होती आणि त्या पिळानं उजव्या बाजूची दारंही आवळली होती. श्रीकृष्णरावांनी रेटलं, हरिसिंगनं दारावरून उडी मारून बाहेरून ओढलं. भर बाजारात शालू नेसून दारावरून चढणं सुनीतीबाईंना सात जन्मात जमणार नव्हतं. बँड थांबला. श्रीकृष्णरावांना त्या शांततेत तीस वर्षांपूर्वीची काळी काच पुन्हा वर चढताना दिसायला लागली. आता संपलं, त्यांनी मनात म्हटलं. आता दोन वाक्यं झाली.

"गाडी मधातून उचलावं लागते," हरिसिंग गर्दीला म्हणाला. "मग उघडन. या बरं सारे!"

आणि सारे आले हो! कापडवाला, भजीवाला, बँडवाले, सुनीतीबाईंचे ऐंशी वर्षांचे मास्तरसुद्धा. हरिसिंगनं इंजिन बंद केलं, बारा-पंधरा जणांनी खाली हात घातले आणि "हईशा!" म्हणून गाडी मधोमध उचलून धरली. नवरानवरीसकट. गाडी सरळ झाली. दार हळूच आपणहून उघडलं.

त्याबरोबर काचही थरथरायची थांबली. सुनीतीबाईंचा एक पाय दाराबाहेर निघाला होता, तेवढ्यात चष्म्यातून समोरचा कागद स्वच्छ दिसला. त्यांनी पाय तसाच ठेवला आणि वाचलं. विवाहाचा दिनांक. वधूचे नाव. आणि खाली, ओळखीच्या टपोऱ्या अक्षरात, विलंबाचे कारण: अर्जदाराची चूक.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो," श्रीकृष्णराव म्हणाले. "रकाना रिकामा सोडता येत नव्हता."

सुनीतीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा एकदा वाचलं. घामाघूम झालेले मास्तर गाडीखालून म्हणाले, "उतर वो बाई लवकर, हात भरून आले!"

सुनीतीबाईंनी पाय आत घेतला आणि दार ओढलं. ते एका झटक्यात, खट्ट, असं सुरेख लागलं.

"कोकिळे," त्या म्हणाल्या, "फुलं वेच खालची. आमी अजून एक चक्कर मारून येतो."